उजव्या गुडघ्याचा अतिरिक्त कार्यभार

आमच्या कबड्डी संघातून खेळाडू गेला तरी त्याची दुखापत जात नाही. त्याच्या जागी येणाऱ्याला ती सही करून ताब्यात घ्यावी लागते. पुढं सांगतोय ते शब्दन् शब्द खरं आहे, गळ्याची शपथ. मी समोर उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, स्टुलावर बसलो होतो. आणि शब्दन् शब्द म्हटलं तरी एक गोष्ट मी पदरची घातली आहे. ती कुठली ते शेवटी सांगेन. आधी सांगितली तर बाकीच्यावर तुम्ही लगेच विश्वास ठेवाल, आणि मी रागात असताना कुणी माझ्यावर लगेच विश्वास ठेवलेला मला खपत नाही.

मी संघाचा साहित्यप्रमुख. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली माझी खोली आहे. जर्सी, बूट, पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याचे पट्टे आणि दुखापती, सगळं माझ्याकडून जातं आणि माझ्याकडं परत येतं. सगळे मला मामा म्हणतात, आमचे व्यवस्थापक केळुसकरसुद्धा, जे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत.

नियम सतरा साधा आहे. दुखापत संघाच्या जर्सीत, संघाच्या कामावर असताना होते, म्हणून ती संघाची. तहसीलदाराची बदली झाली की तो कपाटाची किल्ली बरोबर घेऊन जातो का? चार्ज देऊनच जातो. तसंच हे. यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मला राग आला तो हंगामाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत.

विराज इंगवले आमचा मुख्य चढाईपटू, वय बावीस. एका सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. केळुसकरांनी त्याच संध्याकाळी अर्ज भरला: इंगवले कमी करणे, प्रतीक्षा यादीतला पुढचा खेळाडू घेणे. पुढचा आला. त्यानं जर्सी घेतली, बूट घेतले, गुडघा घेतला आणि लंगडत बाकावर जाऊन बसला. नियम नऊ असा आहे की ज्याच्या नावावर दुखापत आहे त्यानं मॅटवर पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे तो झाला जायबंदी. जायबंदी झाला म्हणून केळुसकरांनी त्याला कमी केला आणि तिसरा घेतला. मग चौथा.

माणसं येत होती, जात होती. गुडघा तेवढा कायम होता. त्या हंगामात आमच्या संघात त्याच्याइतकं सातत्य कुणीच दाखवलं नाही.

मी केळुसकरांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, गुडघा तोच राहणार असेल तर माणूस बदलून मिळतं काय?"

"जागा भरते, मामा."

"पण खेळतं कोण?"

"खेळण्याचा प्रश्न वेगळा. यादीत चौदा नावं लागतात. चौदा आहेत." त्यांनी यादी माझ्याकडं फिरवली. "मोजा."

मी मोजली. चौदाच होती. मला इतका राग आला की मी पुन्हा मोजली.

विराजचं म्हणाल तर चार्ज दिल्या दिवशी तो माझ्या खोलीच्या पायऱ्या दोन-दोन करत चढून गेला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या संघानं त्याला घेतला. ऐन हंगामाच्या शेवटी धडधाकट चढाईपटू कोण सोडतो? आमचा अखेरचा सामना त्यांच्याशीच होता. आपली राहिलेली चप्पल न्यायला तो एकदा आला.

"मामा, रागावलाय काय?"

"तुझ्यावर नाही."

"मग चप्पल फेकून का मारली?"

"जवळ तीच होती," मी म्हणालो.

प्रतीक्षा यादीतलं शेवटचं नाव होतं आप्पासो मगदूम. गाव बोरवाडी, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला, वय तेहतीस. अकरा वर्षं प्रतीक्षा यादीत. दर हंगामाला फोन यायचा, "तयारीत रहा," आणि तो तयारीत राहायचा. पहाटे पळायचा, कामावरून आल्यावर तालमीत घुमायचा. चौतीस पूर्ण झाले की यादीतून नाव कापतात. अखेरचा सामना रविवारी होता आणि आप्पासो मंगळवारी चौतीस पूर्ण करत होता.

शनिवारी सकाळी तो आला. नवीन बनियन, केसाला तेल. मी सामानाची यादी वाचली, तो टिक करत गेला. जर्सी क्रमांक नऊ, एक. बूट, जोड एक. बाटली, एक. उजवा गुडघा, स्नायुबंध फाटलेला, एक.

"ह्यो कुणाचा?" आप्पासोनं विचारलं.

"संघाचा. आधी विराजकडं होता."

"माझा गुडघा आजपतूर एकदाबी दुखला न्हाई, मामा. अकरा वर्सं जपलाय मी त्यो. बायको म्हणती, पोटच्या पोराला जपावं तसा जपलाय." त्याचा आवाज चढला. "आन् तुम्ही मला दुसऱ्याचा फाटका गुडघा देताय? त्यो पळतोय तिकडं आन् मी लंगडू व्हय?"

मी म्हणालो, सही केली नाही तर जर्सीही मिळणार नाही, चार्ज तोडून घेता येत नाही. त्यानं जर्सीवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं सही केली. ठळक, सावकाश, आडनावासकट. शेवटचा फाटा ओढला आणि त्याचा गुडघा नारळाएवढा झाला.

तेवढ्यात केळुसकर आले. "अभिनंदन मगदूम. आता तुम्ही जायबंदी. मी तुम्हाला कमीच केलं असतं, पण यादी संपली आणि खेळाडू घ्यायची मुदतही आज बारा वाजता संपते. त्यामुळं तुम्ही राहा."

"साहेब," आप्पासो म्हणाला, "उद्या गावाचा टेम्पो येतोय. हलगी घिऊन. एक चढाई. फकस्त एक."

"नियम नऊ."

"नियमाच्या..." आप्पासो म्हणाला आणि थांबला. मी होतो, नाहीतर थांबला नसता.

रविवारी टेम्पो आला. वीस-बावीस माणसं, एक हलगी, आणि पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं 'आमचा आप्पासो'. माणसं पहिल्या शिट्टीपासून ओरडत होती आणि आप्पासो बाकावर पाय लांब करून खाली मान घालून बसला होता. हलगी वाजली की त्याचा डावा पाय हलायचा. उजवा संघाचा होता.

आता एक कबूल करतो. यावरचा उपाय मला शनिवारीच ठाऊक होता. नियम एकवीस: खेळाडू अनुपस्थित असेल तेव्हा त्याच्या दुखापतीचा अतिरिक्त कार्यभार संघाच्या कोणत्याही नोंदणीकृत माणसाकडं देता येतो, आणि परत सही होईपर्यंत ती त्याच्याच नावावर राहते. मी नोंदणीकृत आहे. पण हंगाम संपला की ज्यांना वाली नसतो त्या दुखापती माझ्याच खोलीत येतात. माझ्याकडं तीन वर्षांपूर्वीचा एक डावा खांदा आहे आणि एक करंगळी आहे. खांद्यामुळं मी वरच्या फळीवरचं सगळं सामान खाली आणून ठेवलंय. आणखी एक नको, असं मला वाटलं. म्हणून शनिवारी मी गप्प बसलो. राग राग म्हणून जो सांगतोय, त्यातला निम्मा माझ्यावरचा आहे.

मध्यंतरात मी फॉर्म घेऊन केळुसकरांकडं गेलो.

त्यांनी वाचला. "यात 'अनुपस्थित' म्हटलंय. मगदूम तर समोर बसलेत."

"त्यांना बाकावरून उठून पाणी प्यायला पाठवतो. नळ मैदानाच्या हद्दीबाहेर आहे."

"किती वेळ?"

"सही होईपर्यंत."

"मामा, तुमच्याकडे एक खांदा आधीच आहे."

"आणि करंगळी."

"त्रास होईल."

"साहेब, एकतर सही करा, नाहीतर करंगळी तुमच्या नावावर करतो. फॉर्म खिशातच आहे."

त्यांनी सही केली. नळाशी आप्पासो ओंजळीनं पाणी पीत होता. मी खाली सही केली आणि माझ्या गुडघ्यात कुणी पोलादी पहार घातल्यासारखं झालं. मी भिंत धरली. आप्पासोनं आपला पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"मामा..."

"जा. साहेब शेवटच्या चढाईला तुलाच पाठवतायत. पळ की आता, माझं तोंड काय बघतोस!"

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं मागं. आप्पासोनं मध्यरेषेला हात लावला, तो कपाळाला लावला आणि दम धरून आत गेला. समोर कोपऱ्यात विराज होता, दोन्ही पायांवर वाकून. आप्पासोनं डावीकडं हूल दिली, एकाला पायानं टिपलं, वळताना विराजच्या मनगटाला बोट लावलं आणि अंग झोकून रेषेवर हात टाकला. दोन गडी बाद. आम्ही एका गुणानं जिंकलो. हलगीवाल्यानं हलगी फोडली.

सामना संपल्यावर आप्पासो माझ्या खोलीत आला. घामानं निथळत होता, चेहरा उजळला होता. त्यानं जर्सी घडी करून ठेवली, बूट ठेवले, बाटली ठेवली.

"आणा मामा, गुडघा."

"कशाला?"

"माझ्या नावावर व्हता न्हवं? परत घ्याला पायजे."

"फॉर्म संपले," मी म्हणालो. फॉर्मचा गठ्ठा माझ्या मांडीखाली होता.

"मग?"

"मग काय? तुझं नाव यादीतून मंगळवारी जाईल. त्यानंतर आलास तर तू बाहेरचा माणूस. बाहेरच्या माणसाला संघाची मालमत्ता देता येत नाही."

त्याला कळलं. माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी म्हणालो, उजव्याला हात लावू नकोस, सुजलाय. तो गेला. टेम्पो सुटला होता. आप्पासो मागून पळाला आणि फळकं धरून उडी मारून वर चढला, दोन्ही पायांनी. मी जाळीतून बघितलं.

बुधवारी केळुसकरांचं पत्र आलं: अतिरिक्त कार्यभार मूळ धारकाकडे परत का दिला नाही, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. मी खुलासा एका ओळीत केला. ती ओळ इथं लिहिण्यासारखी नाही. ती त्यांनी फाइलला लावली.

आता पदरची गोष्ट. ते दोन गडी आणि तो एका गुणाचा विजय मी घातला. आप्पासो आत गेला आणि नवव्या सेकंदाला विराजनं त्याचा घोटा धरला. वरून बाकीचे पडले. आम्ही अकरा गुणांनी हरलो. हलगी मात्र खरंच फुटली, आणि ते ढिगाखालून उठून आलेलं माणूस खरंच तेवढंच उजळलेलं होतं. मला ते अकरा गुण सोसले नाहीत, म्हणून मी बदलले.

बाकी सगळं खरं आहे. गुडघा माझ्याकडंच आहे. खालच्या फळीवरचं सामान आता मधल्या फळीवर ठेवलंय.