राखाडी हानबोक आणि पहाटेचे तीन वाजून वीस

रविवार, ८ ऑक्टोबर. सकाळी नदीवर धुकं, दहानंतर लख्ख ऊन, वारा बेताचा.

अशा निरुपद्रवी हवेत बान सोकजूने आपलं कपाट उघडलं आणि आतली जाकिटं मोजली. अकरा निघाली. अकराही डोंगर चढायची. चिंजू शहरातल्या पन्नाशीपुढच्या इतर पुरुषांप्रमाणे सोकजूही बँकेत, बाजारात, दवाखान्यात आणि एकदा (बायको हे अजून विसरलेली नाही) मेहुणीच्या लग्नात डोंगर चढायच्या कपड्यांत गेला होता. खरा डोंगर शेवटचा चढला त्याला सात वर्षं झाली होती. तोही अर्धा.

"अठ्ठावीस तारखेला व्याह्यांची पहिली भेट आहे," त्याची बायको मीरान दारातून म्हणाली. "यातलं काही घालून आलात तर त्यांना वाटेल, हा माणूस चिरीसान डोंगरावरून थेट जेवायलाच उतरला."

"मग काय घालू?"

"माणसासारखं काहीतरी."

सोकजू पाणीपुरवठा कार्यालयात तेवीस वर्षं मीटरच्या तक्रारी लिहून घेत होता. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. माणसासारखं म्हणजे नेमकं कसं, याचा त्याने दोन दिवस शोध घेतला. त्यात मोबाइलवर त्याला सोलचा एक तरुण दिसला. अंगात हानबोकचा, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखाचा, आखूड अंगरखा, खाली जीन्स, हातात कॉफी, आणि चेहऱ्यावर काहीच विशेष न केल्याचा भाव. सोकजूने शेवटचा हानबोक स्वतःच्या लग्नात घातला होता, तोही दोन मावश्यांनी धरून. हे असं रोज घालता येतं? आणि घालून कॉफीही पिता येते?

आठवड्याभरात राखाडी रंगाचा, रोजच्या वापराचा एक जोड घरी आला.

"एकदम अंगावर घ्यायचा नाही," सोकजूने मीरानला समजावलं. "उंचावर जाताना शरीराला सवय करत जातात, तसं टप्प्याटप्प्याने."

"अर्ध्या डोंगराचा अनुभव दांडगा आहे तुमचा," मीरान म्हणाली.

सोमवारी नेहमीच्या पँटवर नुसता अंगरखा. मंगळवारी अंगरखा आणि जुना स्वेटर (चूक होती, दुपारी काढला). बुधवारी ती रुंद विजार. त्या विजारीने सोकजू थक्क झाला. खाली बसलं की हवा आत शिरे आणि उठलं की बाहेर पडे. असं सुख त्याला अकरा जाकिटांत मिळून मिळालं नव्हतं. अडचण एकच होती, छातीवरचा बंद. त्याची एकाच पाकळीची गाठ मारायची असते, आणि सोकजूने मारलेली गाठ दुपारपर्यंत हमखास सुटे. गुरुवारपासून त्याने दाढी करणंही थांबवलं. त्या कपड्यांवर तुळतुळीत हनुवटी त्याला उघडी-उघडी वाटू लागली होती.

लोकांच्या वागण्यातला फरकही त्याने कुतूहलाने टिपून ठेवला. बसमध्ये दोन वेळा जागा मिळाली. साहेबांनी प्रथमच "जरा बसा ना" म्हटलं. आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या आजीबाईंनी हात जोडून विचारलं, "सुनेला घर बदलायचंय, दिवस कुठला बरा?" असे शुभ दिवस कार्यालयाच्या कॅलेंडरवर छापलेलेच असतात. सोकजूने मोबाइलवर तेच कॅलेंडर पाहून तारीख सांगितली. आजीबाई उलट्या पावली लिफ्टमधून बाहेर पडल्या, पाठ न दाखवता. त्यांना असं का करावंसं वाटलं, याचा सोकजू दिवसभर विचार करत होता. उत्तर त्याला पुढच्या मंगळवारी मिळालं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर. ढगाळ, पण कोरडं.

जेवणाच्या सुट्टीत सोकजू बाजारात लाल चवळीची पेज खाऊन परत निघाला होता. एका दाराच्या कडीत बंद अडकला आणि सुटला. समोर जिन्याच्या पायथ्याशी प्लास्टिकचं स्टूल होतं. त्यावर बसून, हनुवटी छातीला टेकवून, तो मन लावून गाठ मारू लागला. डोक्यावर पाटी होती: 'जन्मवेळ, नामकरण, जोडा जुळवणे. दुसरा मजला.' त्याने वर पाहिलंच नाही. वर पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"गुरुजी, आज खालीच बसलात?"

समोर साधारण त्याच्याच वयाची बाई उभी होती. हातात पर्स, पर्समधून डोकावणारी पिकल्या तेंदूफळांची पिशवी.

"बंद सुटला होता," सोकजूने खरं ते सांगितलं.

"जेवायची वेळ आहे, कळतं मला. पण पाचच मिनिटं. साचोनहून बस पकडून आलेय."

"बाई, तुमचा काहीतरी..."

"जीव टांगणीला लागलाय हो माझा! दोन गुरुजींना दाखवून झालं. दोघंही म्हणाले, आग आणि पाणी, वर्षाच्या आत मोडेल. आता तुमचं तिसरं मत. तुम्हीही नाही म्हणालात तर शनिवारचं जेवण रद्द. मुलगी रडेल आठ दिवस, पण जन्मभर रडण्यापेक्षा बरं." आणि तो तोंड उघडायच्या आत तिने कागद उलगडून वाचायला सुरुवात केली. "मुलगी योम दाहे, शहाण्णव सालची, उंदराचं वर्ष. मुलगा बान जेयून, चौऱ्याण्णव, कुत्र्याचं वर्ष, तीन नोव्हेंबर, दुपारी तीन वाजता."

 

बान जेयून हा त्याचा एकुलता एक मुलगा. आणि ही, म्हणजे शनिवारी ज्यांच्यापुढे माणसासारखं दिसायचं होतं, त्या विहीणबाई.

आता उठून "मी मुलाचा बाप" म्हणावं, तर गुपचूप जोडा तपासायला आलेली आई थेट वरपित्याच्याच हाती सापडली, असं होणार. त्या लाजेनेच सोयरीक मोडली असती. आग-पाण्याची गरजच नव्हती. गप्प बसावं, तर तिसरं मत नाहीच, म्हणजे जेवण रद्द. सोकजू दोन्ही बाजूंनी विचार करत होता आणि विचार करता करता तोंडून भलतंच निघून गेलं.

"पहाटे."

"काय?"

"पहाटे तीन वाजून वीस. दुपारी नव्हे."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, म्हणजे खरं तर त्याच्या छातीवरच्या गाठीकडे. "मुलगा नुसतं 'तीन' म्हणाला होता," त्या हळूच म्हणाल्या. "दुपार आम्ही धरली. पण गुरुजी, तुम्हाला कसं..."

"गाडीच्या काचेवर दंव साचलं होतं," सोकजू म्हणाला. (ते त्याने स्वतः खरवडलं होतं, वहीच्या पुठ्ठ्याने, आणि मागच्या सीटवरून मीरान जे काही बोलत होती ते त्याला शब्दशः आठवत होतं.)

बाई मटकन जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"तुम्हाला दिसतंय! तिथलं दिसतंय! मुलाचा स्वभाव कसा, गुरुजी?"

"आळशी. मोजे उलटे करून धुवायला टाकतो. काकडी खात नाही."

"अगदी खरं! आमच्याकडे आला तेव्हा ताटातली काकडी वेचून बाजूला काढली. आणि सासू? सासूचं काय दिसतं?"

"घर ती सांगेल तसं चालतं."

"जाच करेल?"

"नवऱ्याला करते तेवढाच. तिखट आहे, पण शेजारची बाई आजारी पडली की पहिलं पातेलं तिच्याच हातचं जातं."

"आणि सासरा?"

 आपल्याबद्दल खरं मत द्यायची अशी संधी माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते? देखणा, विद्वान, असे दोन-तीन शब्द सोकजूच्या जिभेवर आलेही. पण तेवीस वर्षं खरे आकडे लिहायची सवय आड आली.

"निरुपद्रवी," तो म्हणाला.

"आता शेवटचं. जोडा जमतो का?"

"मला पत्रिकेतलं काही कळत नाही, बाई. देवाशपथ."

"थोर माणसं असंच म्हणतात."

सोकजूने सुस्कारा सोडला. "मला इतकंच माहीत आहे. हा मुलगा जेवतानासुद्धा हातातला फोन ठेवत नाही. आई ओरडली तरी नाही. ती मुलगी समोर बसली की ठेवतो. उलटा ठेवतो, आणि मग विसरून जातो. एकदा घरी परत जाताना तसाच टेबलावर राहिला."

 पर्समधून रुमाल काढून बाईंनी डोळे टिपले आणि पाकीट पुढे केलं. सोकजू दोन्ही हातांनी नको म्हणाला. त्यावर बाईंनी कमरेत वाकून असा नमस्कार केला, की बाजारातल्या कोळिणीसुद्धा वळून पाहू लागल्या. तेंदूफळांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवून त्या निघून गेल्या.

पाच मिनिटांनी एक गृहस्थ कागदी पेल्यातली कॉफी घेऊन आले. सूट, टाय, चकचकीत बूट. "जरा सरकता का? माझं ऑफिस वर आहे," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.

संध्याकाळी सोकजूने मीरानला सगळं सांगितलं. तिने तेंदूफळ सोलायची सुरी खाली ठेवली.

"स्वतःच्या मुलाचा जोडा तुम्ही स्वतःच जुळवलात? रस्त्यावर बसून?"

"स्टुलावर."

"आणि माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"पातेल्याबद्दल सांगितलं."

"त्याच्या आधी काय सांगितलंत?"

सोकजूने एक तेंदूफळ तोंडात घातलं.

शुक्रवारी मीरानने त्याला न्हाव्याकडे नेऊन दाढी उडवली आणि पांढरे केस काळे करवले. राखाडी जोड तिने माळ्यावर टाकला. आपल्या भावाचा गडद निळा सूट मागून आणला. सोकजूने विरोध केला नाही, पण मनाशी एक ठरवलं: बाईंनी ओळखलं तर खरं सांगायचं, आणि नाही ओळखलं तरी खरं सांगायचं. खोट्या पायावर पोराचं घर नको.

शनिवार, २८ ऑक्टोबर. निरभ्र.

उपाहारगृहातल्या बंद खोलीत सहा जण समोरासमोर बसले. दाहेचे वडील अबोल होते. त्यांनी सोकजूकडे पाहून मान हलवली आणि भोपळ्याच्या सूपकडे लक्ष दिलं. दाहेच्या आईंनी सोकजूकडे पाहिलं, त्या अदबीने हसल्या आणि दुसऱ्या क्षणी मीरानकडे वळल्या. सोकजूने श्वास सोडला. तो सोडताना त्याला थोडं वाईटही वाटलं.

तिसरी ताटली आली तेव्हा बाईंना राहवलं नाही.

"विहीणबाई, रागावू नका, पण मी जोडा दाखवून आले. चिंजूच्या बाजारात एक सिद्धपुरुष आहे. जन्म पहाटे तीन वीसचा, हे कागद न बघता सांगितलं!"

"पहाटे तीन वीसच," मीरान ताटलीतून मान वर न करता म्हणाली.

"पाहा! काचेवरचं दंवसुद्धा दिसलं त्यांना. वर म्हणाले, मुलगा मोजे उलटे टाकतो."

जेयून जेवायचा थांबला. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग बापाच्या काळ्याभोर केसांकडे. त्याचा फोन टेबलावर उलटा पडला होता.

सोकजूने काड्या खाली ठेवल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि मान झुकवली.

"विहीणबाई, मला क्षमा करा. तो माणूस मी होतो. माझा बंद सुटला होता, म्हणून मी तिथे बसलो होतो. मी काही सिद्धपुरुष नाही. पण सांगितलेलं सगळं खरं आहे, आणि जोडा चांगला आहे."

 दाहेच्या आई इतक्या जोरात हसल्या की वाढणारी मुलगी दार सरकवून डोकावली.

"व्याही विनोदी आहेत हो!" त्या मीरानला म्हणाल्या. "मला वाटलं, मुकेच आहेत. अहो व्याही, ते तुमच्याहून वीतभर उंच. आणि चेहऱ्यावर काय तेज! राखाडी हानबोक असा काही शोभत होता, की नजर वर करायची हिंमत झाली नाही माझी."

"तसा हानबोक माझ्याकडेही आहे," सोकजू म्हणाला. "म्हणत असाल तर लग्नात घालतो."

बाईंनी त्याला डोक्यापासून कमरेपर्यंत नीट पाहिलं. मग माणुसकीने, आवाज हळू करून म्हणाल्या, "नको, व्याही. ते कपडे अंगच्याच तेजाला शोभतात. तुम्ही आपलं साधंच काहीतरी घाला."

लग्न शनिवार, २० एप्रिलला सकाळी साडेअकराला झालं. बान सोकजूने सूट घातला होता.