साडेआठचा लोड

आहेर काकांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "काय गं, आज इंटरव्ह्यू का?"

इंटरव्ह्यूचं मी आईशिवाय कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा, मला डबा नको होता म्हणून सांगावं लागलं होतं.

"सहाला इस्त्री लागली," काका म्हणाले, "मग बंद. सव्वासहाला परत लागली. एकच ड्रेस माणूस दोनदा कधी इस्त्री करतं? टेन्शन असलं की." एवढं बोलून ते दूध आणायला निघून गेले.

काका आमच्या भिंतीपलीकडे राहतात. इतरांच्या हॉलमध्ये जिथे घड्याळ किंवा लग्नाचा फोटो असतो, तिथे त्यांच्याकडे एक व्होल्टमीटर आहे. ताटलीएवढा, काळ्या कडेचा, काट्याचा. तो त्यांनी जुन्या बाजारातून आणला. "प्लांटमधला नाही हं," असं ते कोणी न विचारताच सांगतात. प्लांट म्हणजे एकलहऱ्याचं वीज केंद्र. तिथल्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काट्यांकडे बघण्यात घालवली, आणि रिटायर झाल्यावर करमेना म्हणून एक काटा घरी आणून लावला.

दुर्दैवानं आमचं आणि त्यांचं घर एकाच फेजवर आहे. आमचा गिझर लागला की त्यांचा काटा पाच व्होल्ट खाली येतो. इस्त्रीला दोन. मिक्सर लावला की नुसता थरथरतो. काकांना हे नातं फार जवळचं वाटतं. "भाऊबंद वेगळे होतात," ते म्हणतात, "पण फेज तुटत नाही."

मी ऑफिसात फोनसुद्धा पालथा ठेवणारी मुलगी आहे. इंटरव्ह्यूच्या प्रकारानंतर मी माझे कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यायला लागले. तिसऱ्या दिवशी काकांनी बाबांना विचारलं, "इस्त्री बिघडली का तुमची?"

काकांच्या जगात सगळंच विजेवर चालतं. तळमजल्यावरचे चिडके जोशी म्हणजे "फ्यूज बारीक असलेला माणूस". वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपं भांडायला लागलं, तेव्हा सोसायटी काळजीत पडली होती. काका म्हणाले, "दोन मशिनी सिंक्रोनाइझ व्हायला वेळ लागतो. घाई केली तर दणका बसतो." पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाबद्दल, निखिलदादाबद्दल, त्यांचं मत असं: "पोरगा चांगला आहे. पण लाइन लॉस फार. तिकडून निघतं बरंच, इथे पोचतं थोडं."

काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "माझ्याकडे एवढं बघणार असतील तर मी पण काटा व्हायला तयार आहे." काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

तर एप्रिलमधल्या एका रविवारी निखिलदादा आला, भिंतभर मोठा स्मार्ट टीव्ही लावून गेला आणि जाताना केबलचा डबा काढून पिशवीत घालून घेऊन गेला. निघताना आमच्याकडे डोकावून म्हणाला, "एक आठवडा जरा बाबांना शिकवशील का? फार काही नाही गं, एक बटण दाबायचं." नाही म्हणायला कारण सांगावं लागतं, आणि हो म्हणायला नुसती मान हलवली तरी चालते. म्हणून मी आयुष्यात बहुतेक गोष्टींना हो म्हटलेलं आहे.

"उद्या आठ एकोणतीसला ये," काका म्हणाले. "साडेआठला लोड येतो."

मी इंग्लिश मीडियमची. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांच्यात माझा आजही गोंधळ होतो, आणि विचारायची लाज वाटते. मी आठ एकोणचाळीसला गेले. काका दारातच उभे होते. "आजची शिफ्ट बुडाली," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठलाच जाऊन बसले. तेव्हा कळलं की काकांना बटण दाबता येत होतं. ज्या माणसानं अख्ख्या युनिटचं पॅनेल सांभाळलं, त्याला रिमोट काय अवघड? पण "एकट्यानं स्विचिंग करायचं नसतं," ते म्हणाले. "नियम आहे. एकानं ऑर्डर द्यायची, दुसऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची आणि मग दाबायचं. म्हणजे चूक होत नाही."

बरोबर साडेआठला ते म्हणाले, "मालिका चालू करा."

मी पुटपुटले, "मालिका चालू करते."

"ऐकू आलं नाही."

"मालिका चालू करते," मी म्हटलं. बहुधा जोशींनाही ऐकू गेलं असावं.

मग शीर्षकगीत लागलं आणि काका टीव्हीकडे न बघता व्होल्टमीटरकडे बघत बसले.

मालिका त्यांना कळत नव्हती असं नाही, त्यांना ती कळून घ्यायचीच नव्हती. पात्रांची नावं त्यांना माहीत नव्हती. एक हिरवी साडी होती, एक चष्मा होता, आणि एक "तो ओव्हरलोड" होता, जो सारखा ओरडायचा. पावणेनऊला ते उठले. "ब्रेक," म्हणाले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ब्रेक नव्हताच. मालिका चालूच होती. मी थांबवायला रिमोट उचलला, तर आतून आवाज आला, "थांबवू नको. चालू सिस्टीम आपल्या पाण्यासाठी बंद करत नाहीत."

पाच मिनिटांनी आले. "काय झालं?"

"ते घर सोडून गेले."

"कोण?"

"ओव्हरलोड."

"बरं झालं," काका म्हणाले आणि बसले.

मागे नेऊन दाखवते म्हटलं, तर ते त्यांना पटलं नाही. गेलं ते गेलं. एक भाग संपल्यावर पुढचा आपोआप सुरू झाला, तेव्हा तर ते ताडकन उभेच राहिले. "याला ऑर्डर कोणी दिली?"

या नवीन व्यवस्थेतली त्यांना आवडलेली गोष्ट एकच. एका रात्री मी सिनेमा लावून देऊन घरी आले आणि त्यांना डुलकी लागली. जागे झाले तर पडद्यावर विचारलं होतं, 'तुम्ही अजून बघताय का?' हे त्यांनी मला फार कौतुकानं सांगितलं. "तिकडे कोणीतरी ड्यूटीवर आहे. झोप लागली की चौकशी करतो बिचारा."

"काका, ते मशीन असतं."

"असू दे. विचारतं ना?"

"मग तुम्ही काय केलं?"

"आहे म्हटलं."

आमच्या घरी केबल गेल्या दिवाळीतच बंद झाली होती. बाबा गॅलरीत फोनवर कुणाकुणाच्या शेततळ्यांचे व्हिडिओ बघतात, आई भाजी निवडताना टॅबवर मालिका बघते, मी माझ्या खोलीत कानात इअरफोन घालून कोरियन. हॉलमधल्या टीव्हीवर आईनं क्रोशाचं झाकण घातलंय. काका एकदा साखर मागायला आले, उभ्या उभ्या तिन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "घर एक आणि फीडर तीन, तीन वेगळ्या लाइनी. हे बरं नाही."

गुरुवारी मला उशीर झाला. अंबडहून निघालेली कंपनीची बस द्वारका चौकात अडकली ती अडकलीच. मी घरी न जाता तडक काकांकडे गेले, तेव्हा नऊ वाजत आले होते. टीव्ही बंद होता. त्याच्यासमोर काका बसलेले, शेजारी माझी खुर्ची ओढून ठेवलेली आणि तिच्यावर रिमोट.

"लावते लगेच," मी म्हटलं.

"राहू दे. साडेआठचं होतं ते."

मी दमले होते. दमल्यावर माझ्याकडून बोललं जातं. "काका, ते आता साडेआठचं नसतं. ते कधीही असतं. तुम्हाला पाहिजे तेव्हा. कधीही."

"कधीही म्हणजे कधी?"

रिमोट बाजूला करून मी बसले. काका व्होल्टमीटरकडे बघत होते.

"मला सेकंड शिफ्ट फार असायची," ते म्हणाले. "चार ते बारा. त्या वेळी आमच्यासमोर एक फ्रिक्वेन्सीचा काटा असायचा. पन्नासवर पाहिजे. संध्याकाळी दिवे लागायचे, स्वयंपाकाची गडबड, मग साडेआठला घरोघरी टीव्ही. काटा खाली यायचा. बाकीचे ओरडायचे, लोड आला, लोड आला. मी मनात म्हणायचो, बसली."

"कोण?" मी विचारलं.

"तुझी काकू. दिवसभर खपायची. पण साडेआठला एक अर्धा तास खाली बसायची. मालिका कुठलीही असू दे. मी तिकडे, ती इकडे. फोन करायची सोय नव्हती. काटा हलला की मला कळायचं." मग स्वतःच म्हणाले, "एका टीव्हीनं काटा हलत नाही. मला माहितीये. नोकरी केलीय मी."

"हो," मी म्हटलं.

"रिटायर झाल्यावर पण सगळ्यांकडे केबल होती तोवर बरं होतं. साडेआठला सगळ्या बिल्डिंगमधून तेच गाणं यायचं. जोशांकडून, वरून, तुमच्याकडून. आता माझ्या एकट्याकडून येतं." ते उठले. "जा, जेव. द्वारकेला अडकलीस ना? तिथं लोड मॅनेजमेंटच नाही."

शुक्रवारी आणि शनिवारी मी वेळेवर गेले, मोठ्यानं ऑर्डर परत म्हटली. रविवारी निखिलदादाचा फोन आला. "शिकले ना बाबा? थँक यू गं. आता तुला जायची गरज नाही." मी नेहमीप्रमाणे "हो" म्हटलं.

सोमवारी सव्वाआठला मी माझ्या खोलीत इअरफोन घालून बसले होते. मला खूप हलकं वाटायला हवं होतं. साडेआठला मी एक इअरफोन काढला. भिंतीपलीकडून काहीच आवाज नव्हता. आठ बत्तीस. काहीच नाही. ते रिमोट घेऊन बसले असणार, आणि एकट्यानं स्विचिंग करायचं नसतं.

उठून बेल वाजवायला काय झालं होतं? पण बेल वाजवल्यावर, आज का आलीस, याला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

मी हॉलमध्ये गेले. टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण काढलं, मालिका शोधली आणि आवाज एवढा वाढवला की गॅलरीतून बाबा आत आले. मग बाथरूमपाशी जाऊन गिझरचं बटण दाबलं. दाबताना तोंडातून निघूनच गेलं, "मालिका चालू करते."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "गिझर कोणी लावला?"

"मी."

"एप्रिलमध्ये? साडेआठला? कशाला?"

"आंघोळीला."

मी भिंतीकडे कान देऊन उभी होते. अर्धं मिनिट गेलं असेल. मग पलीकडून तेच शीर्षकगीत सुरू झालं, आमच्यापेक्षा एक कडवं मागे. आई सोफ्याच्या कडेवर टेकली. "ही हिरव्या साडीतली कोण?" बाबांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, ओव्हरलोडसकट. नंतर नऊ वाजता, घामाघूम झालेली असताना, मला कढत पाण्यानं आंघोळ करावी लागली.

सकाळी काका जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी.

"काल साडेआठला पाच व्होल्ट पडले," ते म्हणाले.

मी चपलेचा पट्टा बघत होते.

"नवीन टीव्ही घेतला वाटतं. दोन किलोवॅटचा."

"नाही," मी म्हटलं. "जुनाच आहे."

ते दोन पायऱ्या वर गेले आणि थांबले.

"गिझर नको लावत जाऊस, उन्हाळ्यात अंग भाजेल. नुसता टीव्ही लाव." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कळेल मला."