बोंद्रेसरांचे अकरा

बोंद्रेसरांनी आजवर निदान हजारभर भाताचे गोळे विकत घेतले असतील, आणि त्यांतला एकही भूक लागली म्हणून घेतलेला नाही.

इथे जपानात चौकाचौकांत दिवसरात्र उघडी असणारी छोटी दुकानं आहेत. कोंबिनी म्हणतात त्यांना. तिथे काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी गोळा मिळतो. सर शाकाहारी, त्यामुळे आत आंबट फळ घातलेला तेवढा त्यांना चालतो. कॉलेजची पोरं फावल्या वेळात अशा दुकानांतून कामं करतात. सर एक गोळा उचलतात, शिस्तीत रांगेत उभे राहतात आणि गल्ल्यावरच्या पोराला म्हणतात, "त्या टोकाचा गरम चहा दे बरं." पोरगा चार पावलं चालत जातो, चार पावलं परत येतो. तेवढ्यात सरांनी त्याचा घोटा बघून घेतलेला असतो. लंगडत नसला की म्हणतात, "चहा राहू दे."

एका संध्याकाळी पाच दुकानं, पाच पोरं, पाच गोळे. मग आमच्या दाराची घंटा वाजते.

"आबा, काळजी म्हणून नाही, आपलं विचारतो. दोन गोळे जास्त झालेत. खाता का?"

सूनबाई एकदा म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा, फ्रीजमध्ये आता दुधाला जागा उरली नाही."

मी कोण ते सांगतो. मी चौथी पास. पाचवीत गुरुजींचं नि माझं पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली. शाळेनं मला काढलं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. सांगलीकडच्या एका जिमखान्याचं क्रिकेटचं मैदान मी एकतीस वर्षं राखलं. मुलगा कॉम्प्युटरमधला, उरायासुला राहतो. मोठ्या भूकंपानंतर सून घाबरून गेली होती. म्हणून दर वर्षी पाऊस सरला की मी तीन महिन्यांसाठी येतो. मी आल्यानं जमीन हलायची थांबत नाही, पण घरात एक तरी न घाबरणारा माणूस असावा.

बोंद्रेसर आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून. वय साठीच्या अलीकडे, अंगानं काडी, एकटेच. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं, आबा." जसं काही इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले. जवळच्या एका कॉलेजात ते रसायन शिकवतात. कॉलेज एवढंसं. तिथे डॉक्टर होता येत नाही की इंजिनिअर होता येत नाही, सगळंच थोडं थोडं शिकवतात. मला हे पटलेलं नाही. पण त्या कॉलेजचा फुटबॉलचा क्लब आहे आणि सर त्या क्लबचे बुचो, म्हणजे मास्तरांमधून नेमलेले प्रमुख.

हा फुटबॉल पायानं खेळत नाहीत. डोक्याला जाळीचं शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या, हातात सोललेल्या नारळासारखा चेंडू. तो घेऊन एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा करायचा. अमेरिकेचा खेळ आहे म्हणतात. आमच्याकडे कबड्डीत एवढंच काम चड्डी-बनियनवर होतं. सर स्वतः आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेले नाहीत. पण त्या पोरांसाठी त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा तो बाराही महिने.

माझी नि त्यांची ओळख मैदानावरच झाली. भूकंपात तिथे जमिनीतून चिखल-वाळू उसळून वर आली होती. दीड वर्षानंतरही मैदान पापडासारखं वाकडंतिकडं. पोरं ओल्या मातीवर दाताळं ओढत होती. मी कुंपणाबाहेरून ओरडलो, "अरे गाढवांनो, ओल्यात नाही ओढायचं!" पोरं थांबली आणि कमरेत वाकून मला नमस्कार करून उभी राहिली. सर धावत आले. "आजोबा, तुम्ही मराठी?"

"मराठी नंतर," मी म्हटलं, "आधी ते दाताळं खाली ठेवायला सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मैदान माझं. रेघा मी मारायला लागलो, आणि दोरी लावल्याशिवाय मी रेघ मारत नाही. ही पोरं मैदानात पाऊल ठेवण्याआधी टोपी काढून रिकाम्या मैदानाला नमस्कार करतात, आपल्याकडे तालमीत माती कपाळाला लावतात तसा. तेव्हाच मी ठरवलं, पोरं चांगली आहेत, खेळ वाईट असला तरी.

नदीच्या पलीकडे असंच दुसरं एवढंसं कॉलेज आहे. या दोघांचं वैर सरांच्या नोकरीपेक्षा जुनं. दर वर्षी नोव्हेंबरात एक सामना. बाकी वर्षभर कोणाकडूनही हरा, हा एक हरायचा नाही. पलीकडचे बुचो मोरिता नावाचे म्हातारे इतिहासाचे मास्तर. त्यांचं नाव निघालं की सर ताठ होत. "मोरितांनी यंदा काय डाव टाकलाय, कोणास ठाऊक." मला वाटायचं, हा मोरिता म्हणजे मोठाच कपटी असणार.

माझ्या पहिल्या खेपेला सरांकडे चोवीस पोरं होती. दुसऱ्या खेपेला सतरा. भूकंपानंतर आईबाप पोरांना घराजवळच ठेवायला बघत होते, आणि एवढ्या मारामारीचा खेळ नव्या पोरांना नकोही होता. अकरांच्या खाली आलं की सामना नाही. आणि सामना नाही झाला की क्लब गुंडाळायला कॉलेज टपलेलंच. त्यामुळे सरांच्या तोंडी एकच प्रश्न. "अकरा आहेत ना?"

जमीन जरा हलली की लोक टेबलाखाली जातात, सर फोनला चिकटतात. एकेक पोराला, "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना रे? एकदा आम्ही दोघं लिफ्टमध्ये असताना धक्का बसला आणि लिफ्ट मधेच थांबली. मी न घाबरता रामरक्षा म्हणत होतो. सर फोनवर.

"आबा, पंधरा लागले. दोन उचलत नाहीत."

"अहो, आपण दोघं इथे अडकलोय!"

"हो का?" सर म्हणाले. "काळजी म्हणून नाही, पण त्या दोघांतला एक आपला पळणारा आहे हो."

यंदाच्या खेपेला मी उतरलो तर पोरं तेरा. सरांची झोप गेलेली. एकाला सर्दी झाली की बारा, एक परीक्षेत नापास झाला की अकरा, अशी त्यांची गणितं चालायची. हळूहळू मलाही ती लागण झाली. दुकानात एखादा पोरगा शिंकला की मी बोटांवर मोजायला लागायचो.

सामन्याला दोन आठवडे असताना सर म्हणाले, "आबा, जरा नदीपलीकडे जाऊन येऊ. फिरायला." गळ्यात दुर्बीण होती. आम्ही पूल ओलांडून गेलो आणि बांधावर गवतात बसलो. खाली मोरितांची पोरं सराव करत होती. सरांनी मोजलं. दुर्बीण पुसली, पुन्हा मोजलं. मग माझ्या हातात दिली.

"तुम्ही मोजा."

मी मोजलं. "नऊ."

"झाडामागे कोणी असेल."

"झाडामागे कुत्रं आहे."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पेढे आणा, सर! न खेळता जिंकलो!"

सरांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली आणि ते चालायला लागले. अख्खा पूल ते पायांकडे बघत चालले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आपलंच काही चुकलं.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर त्यांनी तेरा पोरांना गोल बसवलं. काय बोलले ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. म्हणाले, पलीकडे नऊ आहेत, आपण तेरा. दोघं तिकडे गेले तर अकरा-अकरा होतात. पोरं माना खाली घालून बसली. इथे नाही म्हणायची पद्धत नाही, गप्प बसायची आहे. बऱ्याच वेळानं हायाशीनं हात वर केला. हायाशी म्हणजे आमचा कप्तान, संघातला सगळ्यांत दांडगा. मग चेंडू घेऊन पळणाऱ्यानंही केला.

मी सरांना बाजूला घेतलं. "अहो, द्यायचीच तर मधली दोन किडकीमिडकी द्या! हिरे काय देताय?"

"आहेर देताना फाटकं देतात का, आबा?"

ही बातमी जुन्या विद्यार्थ्यांना कळली आणि एकच भडका उडाला. त्यांचा पुढारी मासळीचा घाऊक व्यापारी, खांद्यांवर थेट डोकं ठेवल्यासारखा माणूस. तो मैदानावर येऊन सरांवर ओरडला. आमच्या निळ्या कपड्यातली पोरं त्यांच्या लाल कपड्यात? शंभरदा हरलो असतो तरी चाललं असतं! सर वाकून नमस्कार करत राहिले. पाच वेळा, सहा वेळा, पण "बरं, रद्द करतो" असं एकदाही म्हणाले नाहीत. घाबरट माणूस इतका हट्टी असू शकतो, हे मी प्रथमच पाहिलं. शेवटी तो व्यापारी दमला.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. आता एकही जास्तीचं पोर नव्हतं. सर रोज दुकानं फिरत होते, पुलापलीकडचीसुद्धा. एकाच्या बोटाला कागद कापला तर मलमपट्टीला सर हजर. आमच्या फ्रीजचं दार लागेना.

सामन्याच्या दिवशी सकाळी सर फाटकाशी उभे. निळे अकरा आले. लाल अकरा आले. मी मारलेल्या रेघांवर बावीस पोरं उभी राहिली आणि सर मटकन बाकावर बसले. पुढचं त्यांनी नीट पाहिलंही नसावं.

मी मात्र पाहिलं. आमच्याच हायाशीनं आमच्याच पोरांना पालथं घातलं. इमानदारीनं घातलं, लाल कपड्यात होता ना. आम्ही हरलो. गुण कसे मोजतात ते मला तीन वर्षांत कळलेलं नाही, पण हरलेलं कळतं. शेवटी इथल्या रिवाजाप्रमाणे लालवाल्यांनी निळ्यांच्या नावानं जयघोष केला, निळ्यांनी लालांच्या. मैदानापलीकडून मोरिता सरांकडे बघून वाकले. पांढऱ्या केसांचा, बारकासा माणूस. कपटी वगैरे काही दिसेना.

मी चिडलो होतो. पोरं दाताळं ओढायला लागल्यावर सरांजवळ गेलो. "माझ्या रेघांवर हरलात! आणि तेही स्वतःच्या पोरांकडून!"

सर बाकावर वाकून बूट काढत होते. पिशवीतून त्यांनी मोज्यांची नवी कोरी जोडी काढली, लेबल दातांनी तोडलं आणि पायांत चढवायला लागले.

"आता मोजे कशाला?"

"मोरितांकडे जेवण असतं. सामन्याच्या दिवशी. घरात बूट काढावे लागतात ना." मग म्हणाले, "अठरा वर्षं झाली. कोणीही जिंको. त्यांच्या पत्नी माझ्यासाठी माशाचं पाणी न घालता वेगळं सार करायच्या."

"मग एरवी नाही जात? पूल ओलांडला की घर."

"एरवी कसं जायचं, आबा? निमित्त लागतं." त्यांनी दुसरा मोजा घेतला, पण तो हातातच राहिला. "भूकंपाच्या वर्षी दोन्ही मैदानं खचलेली. सामना झाला नाही, म्हणून मी गेलो नाही. डिसेंबरात त्यांचं कार्ड आलं. घरात मृत्यू झाल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही. उन्हाळ्यातच गेल्या होत्या बाई. मी इथे, चालत पंचवीस मिनिटांवर. आणि मला ठाऊक नव्हतं."

मी खाली पडलेलं मोज्यांचं लेबल उचलून खिशात ठेवलं. 

"आता सार कोण करतं?" मी विचारलं.

"तेच करतात. चव नसते फारशी." त्यांनी मोजा चढवला. "दोन वाट्या घेतो मी."

मी त्यांच्याबरोबर निघालो. मला कोणी बोलावलेलं नव्हतं आणि बोलावल्याशिवाय मी कोणाच्या दारात जात नाही. मी आपला पाय मोकळे करायला गेलो, गल्लीच्या तोंडापर्यंत. साडेचारचं बोलावणं होतं, आम्ही दहा मिनिटं आधी पोहोचलो. आधी घंटा वाजवणं इथे बरं दिसत नाही. सर दारासमोर उभे राहिले, मिठाईचा डबा दोन्ही हातांत, नजर घड्याळावर.

मला कोपऱ्यावरून खिडकी दिसत होती. आत मोरिता, अंगावर स्वयंपाकाचं एप्रन, दाराच्या आत अगदी जवळ उभे. तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोघांच्या मध्ये एवढंसं लाकडी दार.

साडेचारला गावच्या भोंग्यावर रोजची धून सुरू झाली. सरांनी घंटेकडे बोट नेलं, पण ते घंटेला लागायच्या आत दार उघडलं.