सत्तावीस दात्यांची गाडी

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथली मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांना राग पटकन येतो) शिदू नावाचं एक साळिंदर राहत होतं. शिदू गाड्या दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला शिदू मिस्त्री म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात गाड्या कुठून आल्या? बाळांनो, असं मधेमधे विचारलं की गोष्ट लांबते. आल्या.

या जंगलाला लागून दुसरं एक रान होतं आणि दोघांच्या हद्दीवर एकच डोह. हंडेडोह. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटलं की हा एवढाच भरलेला असायचा. पूर्वी त्याच्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, मारामारी नको, शर्यत लावू. होळी झाली की प्रत्येक रानाने एक मोटारसायकल आणायची. डोंगराची एक उभी सोंड होती, तिच्यावर सात वळणांची दगडाधोंड्यांची वाट. जी गाडी आधी माथ्यावर पोचेल तिच्या रानाला उन्हाळाभर डोह. जे हरेल त्याने दोन कोस लांब नदीवर जायचं.

शिदूला ही शर्यत जिंकायचीच होती. त्याची आई म्हातारी झाली होती आणि तिचे गुडघे धरले होते. हंडेडोह बिळापासून वीस पावलांवर होता, तिथवर ती कशीबशी जायची. दोन कोस तिला झेपणारे नव्हते. आणि एका साळिंदराने दुसऱ्याला पाठीवर घेण्यात काय अडचण आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून यंदा शिदूने गाडी स्वतःच्या हातांनी बांधली. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसऱ्या थोराड गाडीचं. ते सुरू केलं की झाडावरची घरटी हलायची. त्यात शंभर गव्यांचं बळ आहे असं सगळे म्हणू लागले. गव्यांना ते फार आवडलं.

काम एकच राहिलं होतं. इंजिनाचं बळ पुढच्या छोट्या दातेरी चक्रावर येतं. तिथून चेन निघते आणि मागच्या चाकाचं दातेरी चक्र फिरवते. हे मागचं चक्र किती दात्यांचं बसवायचं, ते ठरवायचं होतं. जास्त दाते असले तर गाडी चढाला जोर धरते, पण सपाटीवर फार पळत नाही. कमी असले तर सपाटीवर सुसाट सुटते, चढाला मात्र धापा टाकते. शिदू सोंड चार वेळा चढून आला. वळणं पावलांनी मोजली. मग त्याने चोपन्न दात्यांचं चक्र निवडलं.

गोष्ट इथेच संपायची. पण जंगलात गाडी समिती होती.

समितीचे अध्यक्ष आबासाहेब तरस. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे ते निःपक्षपाती होते. सचिव तुरेकर नावाचा मोर. जंगलाची एक रीत होती. शर्यतीच्या आठ दिवस आधी गाडीच्या वेगाचा आकडा फळीवर रंगवायचा आणि ती फळी ताशे वाजवत गावभर, म्हणजे रानभर, मिरवायची. समितीचं मुख्य काम तेच.

"मिस्त्री, आकडा सांगा," चोचीतला ब्रश काढून तुरेकर म्हणाला.

"ताशी दीडशे."

आबासाहेबांचा चेहरा पडला. "दीडशे? अहो, शंभर गव्यांचं बळ आणि फक्त दीडशे? पलीकडच्या रानाने किती जाहीर केलंय, माहीत आहे का?"

"किती?"

"अजून केलं नाही. पण एकशे साठ केलं तर?"

"करू देत की. आबासाहेब, त्या सोंडेवर कोणाचीच गाडी विसाच्या वर जात नाही. वळणाला तर दहा. तिथे हा आकडा काय कामाचा?"

"वाढवता येतो की नाही, एवढंच बोला."

शिदूला खोटं बोलता येत नव्हतं. तिथेच तो फसला. "येतो," तो म्हणाला. "मागचे दाते कमी केले की वाढतो. दाते निम्मे केले की आकडा दुप्पट. कागदावर."

"म्हणजे सत्तावीस दात्यांना तीनशे!" तुरेकरचा पिसारा आपोआप उघडला.

आबासाहेब विचारात पडले. "आणि दाते शून्य ठेवले तर?"

"तर आकड्याला अंतच नाही. पण मग चेन कशावर घालू?"

"ते तुमचं तांत्रिक झालं," आबासाहेब म्हणाले. "पण असू दे. आपल्याला हाव नाही. सत्तावीस करा."

शिदूने परोपरीने समजावलं. सत्तावीस दात्यांवर ही गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा विसाच्या खाली नीट चालणार नाही. वळणाला विसाने गेलं तर थेट दरीत. दहाने गेलं तर इंजिन बंद. क्लच अर्धा दाबून रेटली तर क्लच जळणार. आबासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग त्यांनी सभा बोलावली.

"चोपन्नवाल्यांनी हात वर करा."

शिदूचा हात वर गेला. रानडुक्कर बाजीचा अर्धा गेला. गाडी बाजीच चालवणार होता.

"का रे बाजी, चढाला घाबरलास?" आबासाहेबांनी प्रेमाने विचारलं. बाजीचा हात खाली आला.

"आणि तीनशेवाले?"

सगळं जंगल उभं राहिलं. तीनशे कोणाला नको असतं? गव्यांनी तर शिंगं वर केली.

शिदूने चक्र बसवलं. त्याला इतका राग आला होता की नट ढिले ठेवावेत असं एकदा मनात आलं. पण काम हातात घेतल्यावर अर्धवट आवळणं त्याला जमेना. त्याने घट्ट आवळले. आठ दिवस ताशे वाजले, फळी मिरवली गेली आणि पोरासोरांनी झाडांच्या सालीवर तीनशे, तीनशे असं कोरून ठेवलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. पलीकडच्या रानाकडून म्हाळसाबाई घोरपड आल्या. त्यांची गाडी जुनाट, इंजिन मरतुकडं आणि मागचं चक्र परातीएवढं. आपल्या जंगलाची हसून हसून पुरेवाट झाली.

"मावशी, भाकऱ्या थापायला परात आणली का?" एका माकडाने विचारलं.

"थापीन की," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आधी वर पोचते."

ती परात पाहून शिदूने पिशवी उचलली. तो धावत आबासाहेबांकडे गेला. "साहेब, चोपन्नचं चक्र माझ्या पिशवीत आहे. अर्धा तास द्या, बदलून देतो. पाया पडतो तुमच्या."

आबासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "मिस्त्री, आठ दिवस आपण तीनशे मिरवलंय. आता दीडशेची गाडी पळवली तर ती जनतेची फसवणूक होईल. एक वेळ पाणी नको, पण माझ्याकडून विश्वासघात व्हायला नको."

पाण्याचं त्यांना खरोखरच काही नव्हतं. त्यांच्या गुहेत बारमाही झरा होता.

शिट्टी झाली. सोंडेच्या पायथ्यापर्यंत दोनशे पावलं सपाटी होती. तेवढ्या पट्ट्यात आपली गाडी अशी सुटली की बघणाऱ्यांचे डोळे पाणावले. तुरेकर तर नाचला. मग पहिलं वळण आलं. बाजीने वेग कमी केला आणि इंजिन बंद पडलं. सुरू केलं, क्लच रेटला, धूर निघाला. दुसऱ्या वळणापर्यंत जळका वास खालच्या मंडळींना आला. तिथे गाडी जी थांबली ती थांबलीच. शंभर गवे आत नुसते डुरकत होते.

टुकटुक करत म्हाळसाबाई आल्या. वाट अरुंद होती.

"जाऊ का रे पुढे?" त्यांनी विचारलं.

"जा, मावशी," बाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या गेल्या. डोह गेला.

संध्याकाळी सभा भरली. आता आबासाहेबांची धडगत नाही, असं शिदूला वाटलं. आबासाहेब उभे राहिले. "मित्रहो, आपली गाडी तीनशेची आहे, हे पलीकडच्यांना तरी नाकारता आलं का?" नव्हतं आलं. "मग चूक कोणाची? चढाची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सोंडेचा निषेध करणारा ठराव एकमताने पास झाला. क्लच जळल्याबद्दल मिस्त्रीला समज देण्यात आली. गाडीसाठी नदीच्या वाटेवर चौथरा बांधायचं ठरलं, म्हणजे तहानलेल्यांना येता-जाता तिचं दर्शन होईल.

चैत्र तापला. एका सकाळी शिदू आईला घेऊन नदीकडे निघाला. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. चौथऱ्यापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. अजून दीड कोस बाकी होता.

आईने वर पाहिलं. "हीच का रे तुझी गाडी? किती पळते?"

"ताशी तीनशे, आई."

"अगं बाई!" आईचा चेहरा खुलला. ती चौथऱ्याला टेकून हळूच खाली बसली. "मग तीच जाऊन पाणी घेऊन येऊ दे. मला काही आता उठवत नाही बघ."

तात्पर्य : बाळांनो, गाडीचं चक्र नेहमी आकडा बघून निवडावं. चढ बघून निवडलं तर फार तर पाणी मिळतं, आणि पाणी काय, पिऊन संपतं. आकडा कधी संपत नाही. आणि घरात म्हातारी आई असेल तर मिस्त्री होऊ नये. अध्यक्ष व्हावं.