प्लम होलोकरांनी दुधाची किटली जिंकली त्याची हकीगत

श्रोत्यांनी चित्त देऊन ऐकावे आणि लिहिणाराने पदरचे मीठमसाले घातले ऐसे दूषण न द्यावे. जे जाहले तेच नमूद केले असे. आयोवा मुलखी, मक्याच्या रानात, मौजे प्लम होलो येथे एक लहानसे कॉलेज, आणि त्याचे पदरी अमेरिकी फुटबॉलची, म्हणजे चेंडू हाती घेऊन धडका देण्याच्या खेळाची, फौज एकतीस असामी. त्या फौजेचे सरलष्कर मर्लराव टॉलफ्सन, उमर एकसष्ट, चाकरी सव्वीस वर्षे एकनिष्ठ. मोहिमेची मसलत तेच करीत, मैदानावर चुन्याच्या रेघा तेच मारीत, फौजेचे मोजे तेच धूत आणि बसही तेच हाकीत.

ऐशास ते साली नशीब फिरले. नऊ स्वाऱ्या जाहल्या आणि नऊही बुडाल्या. एके ठायी एकसष्ट-शून्य ऐसी शिकस्त खाल्ली, दुसरे ठायी निम्मी फौज बापाच्या शेती मका काढावयास गेली ती परतलीच नाही, आणि तिसरे ठायी खाशांनी बस चुकीच्या कॉलेजात नेली आणि तेथेही हरले. मग विश्वस्तांचा खलिता आला की, दहावी लढाई गमावल्यास फौज बरखास्त, मैदानावर मोटारी लावाव्या, आणि सरलष्करांनी सोमवारी सामानाच्या खोलीची किल्ली कचेरीत जमा करावी. मर्लरावांनी खलित्याची घडी केली आणि किल्लीसोबत खिशात घातली.

दहावी लढाई गनीम ग्रीन फोर्ककरांशी, घरच्याच मैदानी. वैर पुरातन, आणि वैराचे निशाण एक गंजकी दुधाची किटली. जिंकेल त्याने वर्षभर मिरवावी. अकरा वर्षे ती गनिमाकडेच होती. गनिमांचे सरलष्कर वेंडेलराव स्कौ, जातीचे सज्जन, वैऱ्याच्या मुलखी येतानाही बायकोने भाजलेल्या बटाट्यांची परात घेऊन आले.

चिखल ऐसा की दोन्हीकडचे वीर एका रंगाचे जाहले. खेळ चार प्रहरांचा; पहिले दोन प्रहर कोणाचेच काही साधले नाही, तिसऱ्या प्रहरी आमचे लोक चेंडूसकट आपल्याच वेशीत कोंडले गेले आणि त्याबद्दल गनिमास दोन गुण पावले. मग चौथा प्रहर सरता सरता अघटित घडले. चेंडू गनिमाच्या वेशीपासून बारा यार्डांवर पोहोचला आणि चार सेकंद उरले असता पंचांनी घड्याळ थांबविले. आता लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडावा तर तीन गुण, आणि फत्ते.

लाथ मारणारीण आनिका ओडेगार्ड. परंतु सालभर फौज खांबांच्या आसपासही फिरकली नव्हती, सबब मर्लरावांनी तिला वर पायऱ्यांवर बसलेल्या बँडकडे उसनी दिली होती. तिने खांद्यावरच्या चिलखतावरूनच ट्यूबा चढवला होता. म्हणजे पितळी कर्णा, अंगास वेटोळे घालून डोईवर तोंड वासणारा.

"आनिका! खाली ये, पळ!"

"कोच, निघत नाहीये हा! पार अडकलाय!"

"म्हणजे अजिबातच नाही?"

"सकाळपासून, कोच. मी जेवलेसुद्धा ह्याच्यातच!"

तिघांनी ओढून पाहिले, व्यर्थ. मग पंचांनी नियमांची पोथी काढिली आणि फर्माविले की, उघडा धातू मैदानी मना आहे, अर्धा इंच मऊ आच्छादन असल्यास मुभा आहे. हे ऐकताच सफरचंदाचा पाय, म्हणजे फळे भरून भाजलेली जाड गोड पोळी, विकणाऱ्या चर्चच्या बायका गुडघ्यांवरल्या गोधड्या घेऊन धावल्या, आणि सहा गोधड्यांत कर्णा गुंडाळिला. तरी वीतभर पितळ उघडेच राहिले. पंच आयोवाचेच, विचारल्यावाचून कसे राहतील? त्यांनी वेंडेलरावांस पुसले की, आपली काही हरकत?

या मुलखी तोंडावर नाही म्हणण्याची चाल नाही. पोटास तडस लागली तरी तिसऱ्यांदा वाढून घेतात.

"नाही, म्हणजे... आमचं काय," वेंडेलराव चाचरले. "चालेल की."

"अहो सर!" त्यांचे नायब कानाशी लागले. "नाही म्हणा ना! मॅच जाईल!"

"अरे, इतकं विचारतायत. नाही कसं म्हणायचं?" आणि उघडे पितळ पाहोन त्यांनी मांडीवरची बायकोच्या हातची गोधडी काढून दिली. "ही घ्या. तेवढंच राहिलंय."

मग आनिका गोधड्यांचा डोंगर होऊन धावली. गनिमांची पोरे अंगावर चालोन आली खरी, पण कोचच्या घरची गोधडी ओळखोन, तिला चिखल लागेल म्हणोन बिचकली, आणि तितक्यात लाथ बसली. चेंडू डाव्या खांबास थडकला आणि आतल्या अंगास पडला.

तीन विरुद्ध दोन.

वेंडेलरावांनी किटली स्वहस्ते दिली. "जपा हां, मर्ल. बूड गळतं तिचं."

"गोधडी धुऊन पाठवतो," मर्लराव म्हणाले. सव्वीस वर्षांत फौजेने त्यांस प्रथमच रडताना पाहिले.

कर्णा सायंकाळी लोणी लावोन निघाला. गोधडी मंगळवारी धुऊन, घडीत सफरचंदाचा पाय ठेवोन, ग्रीन फोर्कास रवाना जाहली.

मोहिमा दहा, शिकस्ती नऊ, फत्ते एक. फत्ते जाहली, सबब फौज कायम राहिली. सोमवारी किल्ली कचेरीत गेली नाही. ती सरलष्करांच्या खिशात असे. येणेप्रमाणे लिहोन ठेविले.