उडी टिपायला कॅमेरा कोणता घ्यावा?

मुलांनो, नीट सरसावून बसा. मागच्यांनी चुळबुळ करायची नाही. शंका असतील तर शेवटी विचारा, म्हणजे मला तेवढ्यात निघून जाता येईल.

तर एका जंगलात दिगंबर नावाचा एक साळिंदर राहत होता.

दिगंबरच्या अंगावर काटे होते, पण स्वभावात एकही नव्हता. त्याची बायको कुमुद. दोघांचं एक ऐसपैस बीळ होतं आणि बिळात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली एक कणगी होती. त्या जंगलात शेंगा हेच पैसे. तुम्हाला हसू येतंय? त्यांनाही आपल्या नोटांचं हसू येतं. शेंगा निदान भाजून खाता येतात.

जंगल संपतं तिथे गवताचा मोठा माळ होता. त्या माळावर बापूराव तणमोर राहत. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा, लांब पायांचा पक्षी. पावसाळ्यात तणमोराचा नर काळाभोर होतो, त्याच्या डोक्यामागे नाजूक तुरे फुटतात आणि तो उंच गवतातून सरळ वर उडी मारतो. खाली येतो. पुन्हा मारतो. का मारतो ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

बापूरावांची उडी अशी असे की चरणारी हरणं तोंडातलं गवत तसंच ठेवून बघत राहत.

पण बापूराव आता म्हातारे झाले होते. त्यांची लेक डोंगरापलीकडच्या माळावर दिली होती. तिला एक मुलगा झाला होता. तिकडे दुसरा नर तणमोर उरलाच नव्हता. त्यामुळे त्या पोराने उडी कशी असते ते कधी पाहिलंच नव्हतं. ते बिचारं गवतातून नुसतं चालायचं.

एका सकाळी बापूराव दिगंबरच्या बिळाशी आले.

"दिगू, तुला फोटोंचा नाद आहे म्हणे?"

"नाद आहे, बापूराव. कॅमेरा नाही."

"मग घे की. ह्या पावसाळ्यात माझी उडी टिपून दे. नातवाला पाठवीन म्हणतो. बघून बघून शिकेल."

"तुम्ही स्वतःच का नाही जात?"

"ह्या वयात डोंगर? चार पावलं चढलो की धाप लागते रे."

दिगंबरला भरून आलं. साळिंदराकडे कोणी काही मागायला येत नाही. काट्यांमुळे जो तो लांबूनच रामराम करतो. आणि इथे माळावरचा सगळ्यात मोठा कलावंत त्याच्या दारात उभा होता.

"टिपतो, बापूराव," तो म्हणाला. "अशी टिपतो की नातू बघतच राहील."

कुमुदलाही ते पटलं. "अर्धी कणगी घ्या," ती म्हणाली. "उरलेली उन्हाळ्याला ठेवू. पण पावसाळा संपायच्या आत करा म्हणजे झालं."

कॅमेऱ्यांचं दुकान कोल्हेशेठचं होतं. कोल्हा म्हटल्यावर तुम्हाला तो लबाड वाटला असेल. नव्हता. अत्यंत प्रामाणिक होता. सगळा घोटाळा तिथेच झाला.

"काय टिपायचंय?" कोल्हेशेठने विचारलं.

"तणमोराची उडी."

"कोणत्या वेळी?"

"सकाळी. चांगलं उजाडल्यावर."

"किती लांबून?"

"बापूराव घरचेच आहेत. जवळ बसू देतात."

कोल्हेशेठने फळीवरून एक कॅमेरा काढला. "हा वापरलेला आहे. एका काळविटाचा होता, पण त्याने जपून वापरलाय. ही साधी झूम लेन्स बरोबर घ्या. एक जास्तीची बॅटरी घ्या. ट्रायपॉड नको, पिशवीत वाळू भरा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. अर्ध्या कणगीतल्याही बऱ्याच शेंगा उरतील. उद्या सकाळी माळावर जा आणि सुरू करा."

दिगंबर त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग कोल्हेशेठकडे बघत राहिला.

कोल्हा आणि स्वस्तातली वस्तू देतोय? उरलेल्या शेंगा घरी न्या म्हणतोय? दिगंबरने लहानपणी पुष्कळ बोधकथा ऐकल्या होत्या. बोधकथांचे असे तोटे असतात.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला आणि तिथून सटकला.

तो थेट वडाकडे गेला. वडावर मकरंद नावाचा वानर बसायचा. जगातला प्रत्येक कॅमेरा तो एकदा हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि त्याबद्दल खाली जमलेल्या जनावरांना सांगायचा. रोज सकाळी नमस्कार मंडळी म्हणून सुरुवात करायचा आणि मंडळी जेवायची वेळ झाली तरी हलत नसत.

दिगंबरने त्याला कोल्हेशेठचा कॅमेरा सांगितला. मकरंद हळहळला.

"काका, तो कॅमेरा गेल्या वर्षीचा आहे हो."

"पण चालतो म्हणाले."

"चालतो. चालत तर कासवही असतं. तुम्हाला उडी टिपायचीय ना? मग मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम हवा. नाहीतर तणमोराची उडी बेडकाची दिसेल."

दिगंबरच्या डोळ्यांसमोर बापूरावांचा नातू आला. तो पडद्याकडे बघून आईला विचारत होता, "आई, आजोबा बेडूक आहेत का गं?"

"छे छे," दिगंबर म्हणाला. "फुल फ्रेमच घेतो. तुम्ही स्वतः त्याने काय काय टिपलंत?"

"मी?" मकरंद म्हणाला. "खोकं उघडलं ते टिपलंय ना. फार सुंदर आलंय. बघा."

दिगंबरने ते खोकं उघडणं शेवटपर्यंत पाहिलं. खरोखरच सुंदर होतं.

अर्धी कणगी देऊन त्याने फुल फ्रेम कॅमेरा आणला. कोल्हेशेठने दोनदा "अहो, गरज नाही" म्हटलं, तेव्हा तर दिगंबरची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी बापूराव पहाटेच तयार होऊन उभे. पिसं चोचीने विंचरलेली. तुरे मागे वळवलेले.

"आज ना रे?"

"बापूराव, कॅमेरा आला. लेन्स यायचीय. त्याच्या लेन्सा वेगळ्या असतात."

"बरं बरं," बापूराव म्हणाले. "मी तोवर मारत राहतो. अंगाला सवय राहील."

आणि त्यांनी एक उडी मारली. माळावर नुकतं ऊन पडलं होतं. काळं पाखरू हिरव्या गवतातून वर आलं, क्षणभर तसंच राहिलं आणि अलगद खाली बुडालं. दिगंबरला ती नीट दिसली नाही. तो लेन्सांचं माहितीपत्रक वाचत होता.

लेन्सेत उरलेली अर्धी कणगी गेली.

"अहो, तळ दिसायला लागला," कुमुद म्हणाली.

"अगं, लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. डोळाच नसला तर नुसतं अंग घेऊन काय करू?"

"आणि अंगाला पोट असतं, त्याचं काय?"

मकरंदने पोटाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

मग त्याला घुबडे गुरुजी भेटले. गुरुजींना रात्रीच्या फोटोंमधले जाणकार मानत.

"अंधारात कसा चालतो तुझा कॅमेरा?" त्यांनी विचारलं.

"गुरुजी, बापूराव सकाळी नाचतात."

"आज सकाळी नाचतात. उद्याचं कोणी पाहिलंय?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मान पार मागे फिरवली. तशी मान फिरवणाऱ्याशी वाद घालणं कठीण असतं.

दिगंबरने अंधारात चालणारी आणखी एक लेन्स घेतली. शेंगा संपल्या होत्या म्हणून त्याने शेजाऱ्यांची बिळं खणून दिली. मग ट्रायपॉड आला, कारण एवढी भारी लेन्स वाळूच्या पिशवीवर ठेवलेली बरी दिसत नाही. मग हे सगळं ठेवायला पाठीवरची बॅग आली. ती पाठीवर घेतली तशी काट्यांनी तिची चाळण झाली. मग काटे न टोचणारी बॅग आली. ती साळिंदरांसाठी खास बनवलेली होती, म्हणजे तीच बॅग होती आणि किंमत दुप्पट होती.

बापूराव रोज विचारायचे. दिगंबर रोज सांगायचा, "उद्या नक्की." तो खोटं बोलत नव्हता. त्याला रोज तसंच वाटायचं.

पावसाळा उतरणीला लागला. गवत पिवळं पडू लागलं. बापूरावांची उडी पूर्वी गवताच्या कितीतरी वर जायची, ती आता गवताच्या जेमतेम वर येत होती.

एका सकाळी मात्र दिगंबर सगळा संसार घेऊन माळावर हजर झाला. कुमुद सोबत होती. बापूराव समोर उभे होते. कॅमेरा ट्रायपॉडवर चढला. लेन्स लागली. दिगंबरने डोळा लावला आणि लगेच काढला.

"बापूराव, एक अडचण आहे."

"काय रे?"

"मेमरी कार्ड हळू आहे. काल मकरंद सांगत होता. उडी वेगवान आणि कार्ड हळू, जमायचं नाही. नवीन मागवलंय. फक्त उद्यापर्यंत थांबा."

"अरे, मीही हळूच झालोय," बापूराव म्हणाले. "आमचं दोघांचं जमेल. काढ तू."

"नको हो. नातवासाठी आहे. त्यात कसर नको."

बापूरावांनी मान हलवली तेव्हा एक तुरा गळून गवतात पडला. कुमुदने तो पाहिला. दिगंबर लेन्सवरचा धुळीचा कण पुसत होता.

मग बापूराव म्हणाले, "दिगू, मला तुझा राग नाही आला. तू जीव लावून करतोयस, मला दिसतंय. पण माझे तुरे गळायला लागले. हा मोसम गेला की पुढच्या मोसमाचं काही सांगता येत नाही. मी निघतो."

"कुठे?"

"पलीकडे. पोराकडे."

"अहो, पण डोंगर? धाप लागते ना तुम्हाला?"

"लागेल. थोडा उडेन, थोडा चालेन, थोडा बसेन. तुझ्या तयारीपेक्षा लवकर पोचेन असं वाटतं."

हे त्यांनी हसून म्हटलं. म्हणून तर दिगंबरला ते फार लागलं. बापूराव गवतातून चालत गेले. बराच वेळ गवताचे शेंडे हलताना दिसत होते. मग तेही थांबले.

दुसऱ्या दिवशी कार्ड आलं.

दिगंबर एकटाच माळावर गेला. सगळं मांडलं. डोळा लावला. समोर गवत होतं. त्याने गवत टिपलं. आणखी काय करणार?

ते चलच्चित्र मकरंदने वडाखाली सगळ्यांना दाखवलं. जंगल थक्क झालं.

"पात्यापात्यावरचं दव मोजून घ्यावं!" हरणं म्हणाली.

"सावलीतसुद्धा एक ठिपका नाही," घुबडे गुरुजी म्हणाले.

"कडा बघा, मंडळी, कडा!" मकरंद ओरडला.

कुमुदने हळूच विचारलं, "पण ह्यात बापूराव कुठे आहेत?"

सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. मकरंदने तिला समजावलं, "काकू, असलं विचारायचं नसतं. कॅमेरा बघायचा असतो."

त्या वर्षीचं उत्कृष्ट छायाचित्रकाराचं मानचिन्ह दिगंबरला मिळालं. त्याने ते बिळात नेऊन रिकाम्या कणगीवर ठेवलं. तेवढीच सपाट जागा मोकळी होती.

काही दिवसांनी डोंगरापलीकडून भोरड्यांचा थवा आला. ह्या पाखरांच्या पोटात बातमी राहत नाही. त्यांनी सांगितलं, पलीकडच्या माळावर एक म्हातारा तणमोर आणि एक पोर आळीपाळीने गवतातून वर येतात. म्हाताऱ्याचे तुरे गळून गेलेत, तरी थांबत नाही. पोर आधी तोंडावर आपटायचं. आता आजोबापेक्षा उंच जातं. आणि म्हातारा उड्या मारता मारता मध्येच बसला, की पोर त्याला चोचीने ढोसून उठवतं.

दिगंबर ऐकताना एकदा हसला आणि एकदा त्याने डोळे पुसले.

"चला," कुमुद म्हणाली. "बघून येऊ."

दिगंबर उठला. मग त्याने बॅगेकडे, दोन लेन्सांकडे, ट्रायपॉडकडे पाहिलं.

"हे सगळं डोंगरावर कसं न्यायचं, कुमुद? प्रवासाला हलका कॅमेरा हवा. मी जरा मकरंदला विचारून येतो."

कुमुदने कपाळाला हात लावला आणि एकटीच निघाली.

ती परतली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. दिगंबर दारातच बसला होता.

"कशी होती गं उडी? सांग ना."

कुमुदने सांगायचा प्रयत्न केला. "म्हणजे आधी गवत हलतं... मग एकदम... नाही, तसं नाही..." शेवटी शब्द सापडेनात म्हणून ती बिळासमोर उभी राहिली, चारी पाय आवळले आणि तिने उडी मारली.

साळिंदराची उडी ती. वीतभर गेली असेल नसेल. सगळे काटे खुळखुळले. ती खाली आली, कोलमडली आणि तशीच मातीत बसून हसायला लागली. इतकी हसली की तिला बोलता येईना.

दिगंबर तिच्याकडे बघत राहिला. कुमुदला असं हसताना त्याने फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"थांब, थांब!" तो ओरडला. "अशीच बस! हे टिपलंच पाहिजे!"

तो धावत बिळात गेला आणि कॅमेरा घेऊन धावत बाहेर आला.

बॅटरी उतरली होती.

तात्पर्य: मुलांनो, तुमच्या बाई सांगतील की कॅमेरा साधा असला तरी चालतो, वेळ गाठता आली पाहिजे. बाईंचं ऐका आणि विसरून जा. दिगंबरने पहिल्याच दिवशी कोल्हेशेठचं ऐकलं असतं तर त्या नातवाला पडद्यावरचा आजोबा मिळाला असता आणि खरा आजोबा इकडेच बसून राहिला असता. म्हणून कॅमेरा निवडताना कधीही घाई करू नये. सगळ्यांचे सल्ले घ्यावेत, भरपूर वेळ लावावा. तेवढ्या वेळात लोक एकमेकांना जाऊन भेटतात.