संत पेद्रो आणि मागचे ब्रेक

ब्रेक दाबला की एलेउतेरिओच्या म्हाताऱ्या व्हॅनचं नाक रस्त्याला टेकायचं, आणि मागचा भाग आपला काही संबंधच नसल्यासारखा निवांत मागून यायचा. एरवी त्याने चालवून घेतलं असतं. पण उद्या संत पेद्रोचा सण. टेकडीवरच्या चर्चमधून संताची लाकडी मूर्ती बंदरावर न्यायची, मग कोळी तिला होडीत बसवून समुद्र फिरवणार. आणि वालपाराइसोचा तो उतार असा, की हातातून सुटलेलं लिंबू थेट समुद्रात जाऊन थांबतं.

"दाजी, लायनर गेलेत," मेहुणा निबाल्दो म्हणाला. निबाल्दोला गाड्यांतलं सगळं कळतं, असं निबाल्दोचं मत होतं.

लायनर बदलले. फरक शून्य.

"मग तेलात हवा धरलीय."

पेडल मारमारून एलेउतेरिओच्या पोटरीत गोळे आले. हवा निघाली, ब्रेक तसेच. शेवटी त्याने व्हॅन एकदा उतारावरून आणली आणि चाकांना हात लावून पाहिला. पुढची तव्यासारखी तापलेली, मागची थंडगार.

"बघ, पुढचे दोघं राबतायत आणि मागचे दोघं नुसते सोबतीला आलेत. तुझ्यासारखे."

"माझ्या भावाला बोलायचं काम नाही! दारूपायी अकॉर्डियन विकणाऱ्याने तर नाहीच!" खिडकीतून बायको ओर्तेन्सिया ओरडली.

"चोरीला गेलं ते, शंभरदा सांगितलं," असं पुटपुटत एलेउतेरिओ गाडीखाली सरपटला. ओझ्याने गाडी मागे दबली की एक दांडी वर सरकते आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. दांडी होती, पण एका टोकाला सोडून तारेने बाजूला बांधलेली! मागे कितीही माणसं कोंबा, बिचाऱ्या गाडीला वाटायचं, आपण रिकाम्याच चाललोय.

"निबाल्दो! मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलताना ही तू सोडलीस?"

"मी? देवाशपथ नाही!"

"तू देव मानत नाहीस."

"म्हणून काय झालं? शपथ ती शपथ!"

दांडी जोडली. सकाळी संत पेद्रो हात पुढे करून मागे उभे राहिले. त्यांना दोराने बांधायचं काम निबाल्दोने केलं आणि तो ऐटीत पुढे येऊन बसला.

पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं. एलेउतेरिओने ब्रेक दाबला आणि चारही चाकं एकदम रस्त्याला चिकटली. निबाल्दोची गाठ सुटली. संत पुढे कलले आणि त्यांचा लाकडी हात धपकन निबाल्दोच्या खांद्यावर पडला.

निबाल्दो पांढराफटक पडला. मागे बघायची त्याची छाती होईना.

"मीच सोडली! देवा, दांडी मीच सोडली! आडवी येत होती हो!"

हात खांद्यावरून हलेना.

"आणि... दाजींचं अकॉर्डियन चोरीला नाही गेलं. मी विकलं. दारूपायी दाजींनीच विकलं, असं ताईला सांगितलं."

उतार अजून बराच बाकी होता. एलेउतेरिओने गाडीला जरा वेग घेऊ दिला आणि पुन्हा करकचून ब्रेक दाबला.